बारा नंबरची बोअर

सोमवार, ४ नोव्हेंबर

आले एकदाची. तीन बॅगा, रिकाम्या बाटल्यांची सहा खोकी, एक पंप आणि निघताना नवरोबाने हातात कोंबलेली ही वही. फोनवर मी "जेवले, झोपते" यापलीकडे काही सांगत नाही अशी त्याची जुनी तक्रार आहे. तेव्हा रोज लिहायचं आणि परत गेल्यावर वही त्याच्यापुढे आपटायची असा बेत आहे.

राहायची सोय कारखान्याच्या आवारातच, जुन्या डिस्पॅच ऑफिसच्या दोन खोल्यांत. वाटलं होतं तितकं वाईट नाही. खिडकीला नवी जाळी आहे, लोखंडी पलंग आहे, आणि एक टेबल आहे ज्याचा एक पाय आखूड. त्याखाली मी मागच्या कामाचा अहवाल दुमडून सारला. चला, कुणाच्या तरी उपयोगी पडला. इथे नळाच्या तोट्या, सायकलचे भाग असल्या वस्तूंना क्रोमचा मुलामा द्यायचे. वस्तू चकचकीत होऊन बाजारात जायच्या आणि उरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात. असं कित्येक वर्षं चाललं. आता कारखाना बंद आहे, जमीन विकली गेलीय आणि इथे चारशे घरं उठणार आहेत. त्याआधी माती आणि जमिनीखालचं पाणी किती बिघडलंय ते तपासायचं आणि औषध सोडून ते ताळ्यावर आणायचं, हे माझं काम. मुदत तीन आठवडे.

गेटवर वॉचमनकाका असतात. आल्याआल्या त्यांनी चहा दिला. मी एकटीच राहणार हे कळल्यावर आणखी एक कप दिला. आठ वर्षं ते एकटेच इथे आहेत, त्यामुळे बोलायला माणूस मिळाल्याचा आनंद त्यांना लपवता येत नाही. मला तरी कुठे येतोय.

खारूने एकवीस झोपा मोजून दिल्यात. खारू म्हणजे माझी लेक, वय सहा, खारीसारखी एका जागी बसत नाही म्हणून खारू. एकवीस झोपा झाल्या की आई घरी. दुपारची झोप धरायची नाही, हेही तिने बजावलंय.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

आवारात अकरा बोअर आहेत. पिण्याच्या पाण्याच्या नव्हेत. मनगटाएवढा पाइप जमिनीत उभा पुरलेला असतो, वर लोखंडी झाकण, झाकणावर पांढऱ्या रंगात नंबर. नंबर आज मीच रंगवले. झाकण उघडायचं, टेप सोडायची, पाण्याला टेकली की ती 'टीं' करते. तो आकडा, म्हणजे पाणी किती खोलवर आहे ते, लिहायचा. मग साचलेलं शिळं पाणी उपसून टाकायचं आणि ताजं आलं की बाटलीत भरायचं. पाणी पिवळं आहे, लिंबाच्या सरबतासारखं. दिसायला इतकं छान आहे की मुलांना इथे फिरकू देऊ नये.

आता आमच्या धंद्यातली एक लबाडी. लॅबवर आमचा विश्वास असतो, पण डोळे झाकून नसतो. म्हणून एका बोअरचं पाणी दोन बाटल्यांत भरायचं आणि दुसऱ्या बाटलीवर नसलेल्याच बोअरचा नंबर टाकायचा. दोन्हींचे आकडे सारखे आले तर लॅबचं काम चोख. शेवटपर्यंत लॅबला याचा पत्ता लागू द्यायचा नाही. मी सात नंबरची जुळी बाटली भरली आणि तिला नंबर दिला बारा.

पूर्वी हे कागदावर असायचं. ठिकाणाचा रकाना मोकळा सोडला की भागायचं. आता सगळं टॅबवर आहे आणि तो फॉर्म काही केल्या पुढे सरकेना. ठिकाण भरा, ठिकाण भरा. नसलेल्या बोअरचं ठिकाण कुठून आणू? नकाशावर कुठेही बोट ठेवलं तर उद्या कुणीतरी तिथे झाकण शोधत बसेल. खाली एक बटण होतं, 'मी आहे तिथे'. दाबलं. फॉर्म निमूट गेला.

नवरोबाला सांगितलं तर म्हणाला, म्हणजे आता तुझ्या पोटात बोअर. मागून खारू ओरडत होती, आईच्या पोटात काय, आईच्या पोटात काय. त्याला म्हटलं, आता तूच निस्तर.

शनिवार, ९ नोव्हेंबर

बुधवारी औषध सोडलं आणि काल पुन्हा नमुने पाठवले. आज आकडे आले. अकराच्या अकरा बोअर सुधारल्यात, आणि थोड्याथोडक्या नव्हे. जे व्हायला महिने लागतात ते तीन दिवसांत झालंय. आमच्या ऑफिसातले साहेब फोनवर इतके खूश होते की मला वाटलं चुकून दुसऱ्याच कुणाला फोन लागलाय.

फक्त बारा नंबर. सात आणि बारा म्हणजे एकाच बोअरचं, एकाच पंपाचं, एकाच मिनिटाला भरलेलं पाणी. सात नंबर उतरलाय आणि बारा नंबर दुपटीने चढलाय. लॅबच्या मॅडमना जरा आडून विचारलं, बाटल्यांची अदलाबदल तर नाही ना झाली? त्या भडकल्या. म्हणाल्या, बावीस वर्षं हेच करतेय, माझ्या हातून एक थेंब इकडचा तिकडे होत नाही, तुम्हीच तुमची बारा नंबरची बोअर नीट बघा. आता त्यांना काय सांगू की ती बोअर नाहीच.

रविवार, १० नोव्हेंबर

सुट्टी. दुपारी खोली झाडायला पलंग सरकवला तर खाली झाकण. लोखंडी, गोल, फरशीत बसवलेलं. वर पांढऱ्या रंगात १२.

आधी हसूच आलं. वॉचमनकाकांनी गंमत केली असेल असं वाटलं. पण बाराचा आकडा माझ्या हातचा आहे. दोनची शेपटी मी नेहमी वर वळवते, तशीच ती वळलीय. झाकण उघडलं. पाइप आहे. टेप सोडली. नऊ मीटर चाळीसवर टीं.

काकांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ उकिडवे बसून बघत राहिले. मग म्हणाले, ताई, आठ वर्षं ही फरशी मी पुसतोय, इथे काही नव्हतं हो. जुनी विसरलेली बोअर असेल, धुळीखाली झाकली गेली असेल, असं मी त्यांना समजावलं. मलाही ते पटल्यासारखं झालं. पलंग तेवढा बाहेरच्या खोलीत हलवून घेतला.

सोमवार, ११ नोव्हेंबर

झाकण बाहेरच्या खोलीत आहे. पलंगाखाली.

आतल्या खोलीत जाऊन बघितलं. फरशी सपाट, कोरी, सांधासुद्धा नाही. काकांनी तिथे पाय आपटून पाहिलं. मग आम्ही दोघं पायरीवर जाऊन बसलो आणि चहा प्यायलो. उठताना पायाला काही लागलं म्हणून खाली पाहिलं. पायरीच्या दगडात तेच झाकण. मी बसले होते तिथे.

आठ मीटर दहा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मी घाबरट नाही. माझं सगळं काम मोजण्याचं आहे, म्हणून आज दिवसभर मोजलं. फोनचं आणि टॅबचं लोकेशन बंद केलं. झाकण माझ्यापाशी. फोन आणि टॅब दोन्ही गेटवर ठेवून मागच्या खड्ड्यापर्यंत चालत गेले. झाकण माझ्यापाशी. चालत असते तेव्हा ते नसतं. पाच-दहा मिनिटं एका जागी थांबलं की हातभर अंतरावर मातीतून वर आलेलं दिसतं. फॉर्मवर टॅबचं ठिकाण लिहिलेलं नाहीच. लिहिलंय ते माझं.

साहेबांना सगळं सांगायचं धाडस झालं नाही. बारा नंबरची नोंद चुकलीय, तेवढी काढून टाका, म्हटलं. ते म्हणाले, गेलेली नोंद काढली तर आकड्यांत हात घातल्यासारखं दिसतं. आणि जुळी बाटली अहवालात धरतच नाहीत, मग तुमची अडचण काय? बाकीच्या अकरांनी कमाल केलीय, तुम्ही फक्त तिथून हलू नका.

सात मीटर.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

काल गावातल्या लॉजवर गेले. वॉचमनकाकांना म्हटलं, एक दिवस नीट आंघोळ करून येते. खोली स्वच्छ होती, पांढरी चादर, वर पंखा. दुपारभर गाढ झोपले. उठून बाथरूममध्ये गेले तर शॉवरखाली फरशीत झाकण. १२. सहा मीटर वीस.

बॅग उचलून परत आले. आज सकाळी लॉजवाल्याचा फोन आला. खालच्या मजल्यावरच्या नळांना पिवळं पाणी येतंय, खाली एक कुटुंब उतरलंय, त्यांच्या पोराला उलट्या होतायत, तुम्ही पाण्याच्या खात्यातल्या ना, जरा येऊन बघता का, असं विचारत होता. मी येते म्हणाले आणि गेले नाही. मी गेले असते तर काय झालं असतं ते मला माहीत आहे.

आजचे आकडे आले. अकरा बोअरांचं पाणी पिता येईल इतकं स्वच्छ. बारा नंबरचा आकडा लॅबच्या मॅडमनी दोनदा तपासला, मग मला फोन केला. आवाज वेगळाच होता त्यांचा. म्हणाल्या, बाई, जिथे ही बोअर आहे तिथे तुम्ही राहू नका.

आवारात इतकी वर्षं मुरलेलं सगळं एका जागी उतरतंय. पाणी खोलगट भागाकडे जातं, हे शाळेतलं पोर सांगेल. तो खोलगट भाग मी आहे.

शनिवार, १६ नोव्हेंबर

बोअर बंद करायची आमची रीत सोपी आहे. सिमेंट कालवायचं आणि तळापासून वरपर्यंत भरायचं. काका म्हणाले, ताई, तुम्ही फक्त बसून राहा, झाकण हलता कामा नये, बाकी मी बघतो. मी खुर्चीवर बसले. त्यांनी एकट्याने सात पोती कालवली आणि ओतली. एवढ्याशा पाइपला एरवी अर्धं पोतंही खूप झालं असतं. सातही पोती गेली. टेप सोडली तर पाणी आधीपेक्षा वर, चार मीटर.

काका हसून म्हणाले, उद्या आणखी आणतो. पोतं झटकताना त्यांच्या हाताकडे लक्ष गेलं. बोटांच्या पेरांवर तीन भोकं. गोल, कोरडी, खिळ्याने पाडल्यासारखी. रक्त नाही. त्यांना दुखतही नव्हतं. हे व्रण मी पुस्तकात पाहिलेत. मुलामा देणाऱ्या कामगारांना पडायचे, क्रोमच्या पाण्यात बरंच काम केल्यावर. काकांनी त्या पाण्याला कधी हात लावलेला नाही. ते फक्त रोज माझ्याशेजारी बसून चहा पितात.

त्यांना तिथल्या तिथे दवाखान्यात पाठवलं. रागावून पाठवलं, कारण एरवी ते गेले नसते.

रविवार, १७ नोव्हेंबर

काकांच्या बायकोचा फोन. नाकातून रक्त थांबत नाही. डॉक्टर विचारतायत कोणत्या कारखान्यात किती वर्षं होते. तिने मला विचारलं, ताई, तुम्ही तिथेच असता ना, तुम्हाला नाही ना काही झालं?

मला काही नाही. हातावर एक डाग नाही. उशी तेवढी सकाळी पिवळी असते. चालताना आत कुठेतरी पाणी हलल्यासारखं वाटतं.

घरी जायचं नाही. हे आज लिहून ठेवते, म्हणजे उद्या मन पालटणार नाही. तिथे माझ्या कुशीत खारू झोपते.

माणसं नाहीत अशी एकच जागा मला माहीत आहे, आणि ती ही आहे.

सोमवार, १८ नोव्हेंबर

दोन मीटर ऐंशी.

साहेबांनी अहवाल पाठवून दिला. जमीन राहण्यायोग्य. पाया खणायला माणसं पुढच्या आठवड्यात येतील. मी हात जोडले, सगळं सांगितलं, अगदी सगळं. ते म्हणाले, बारा नंबर कागदावर नाहीच, मग तक्रार कसली? थोडी विश्रांती घ्या.

नवरोबाला म्हटलं, काम वाढलंय, महिनाभर तरी येत नाही, इकडे यायचं नाही. तो का का म्हणून मागे लागला. मी तोडून बोलले. इतकं वाईट मी त्याच्याशी कधी बोलले नव्हते. त्याला राग यावा, त्याने वर्षभर तोंड बघू नये, म्हणून बोलले. फोन ठेवल्यावर खूप रडले. ओंजळीत पाहिलं तर पिवळं.

बुधवार, २० नोव्हेंबर

आवाज गेला. बोलायला तोंड उघडलं की घशाशी पाणी येतं.

नव्वद सेंटिमीटर.

त्याचा निरोप आलाय. त्याला राग आलाच नाही. मी अशी बोलणारी नाही, काहीतरी झालंय, म्हणून ते दोघं उद्या सकाळी निघतायत. खारू ऐकत नाही म्हणे. टाइप केलं, येऊ नका. पुन्हा पुन्हा टाइप केलं. त्याचं उत्तर आलं — फोन का उचलत नाहीस? एकदा बोल, मग थांबतो.

एकदा बोल म्हणतो. मी बोलू शकत —

गुरुवार, २१ नोव्हेंबर

रसायनांच्या जुन्या कोठीत आहे. जाड भिंती, लोखंडी दार, आतून कडी. उंबरठा उंच, म्हणून इथे आले. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. फोनला रेंज नाही. हे आधी सुचायला हवं होतं. आता पाय उचलत नाहीत.

झाकण समोर. टेपची गरज नाही. काठोकाठ.

गाडी वाजली.

पाणी वर आलं. जमिनीवर पसरतंय. सावकाश. माझ्याकडे नाही — दाराकडे.

खारूचा आवाज. आई, आई. लहान मुठी दारावर. ती बाहेरून सांगतेय, बाबा मागे खिडकी बघायला गेलाय, मला म्हणाला इथेच थांब.

जा, जा म्हणून मी आतून दार बडवलं. तिला खेळ वाटला. तिनेही तसंच बडवलं.

उंबरठ्याला लागलं पाणी. टॉवेल भिजला.

मागची कोरी पानं फाडून सारतेय. टॉवेल थोडा बाजूला केला, कागद जाईल इतकाच. तिला जोडाक्षरं येत नाहीत अजून. सोपं लिहिलं — खारू मागे जा.

वाचतेय. खा. रू. मा. गे. हसली. म्हणाली, आई, आणखी पाठव.

लिहिलं — दूर जा. पाणी वाईट आहे. हात लावू नको.

कागद ओला गेला. नीट दिसत नाही म्हणते. खाली बसली. फटीपाशी. बोटं दिसतात तिची. चार. आत येतायत, पुढचं पान घ्यायला —

मी लिहिते म्हणून ती बसलीय. लिहायचं नाही आता. एकही पान नाही. कंटाळेल, उठेल, बाबाकडे —

उठली नाही. टॉवेल सापडला तिला. ओढतेय. आई, तू पण ओढ, म्हणते. एका हाताने लिहितेय, दुसऱ्या हातात हे टोक. सोडलं तर पाणी सगळं तिच्यावर. धरलं तर ती दोन्ही हातांनी, पाय रोवून, हसत — टॉवेल ओला आहे खारू, तो ओला आहे, तुझी बोटं —